लाळगळ्याचा शेजार

मी एक जुना पत्ता आहे आणि मला फार किळस येते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे मी वारंवार नाक मुरडेन, तेव्हा तुम्ही म्हणू नका की हा पत्ता भलताच नखरेल आहे.

मित्रांनो, मी राजा-राणीचा पत्ता नव्हे. ‘काळडोह’ नावाच्या एका भुताखेतांच्या खेळातला मी पत्ता. माझ्यावर एका उंच, पांढऱ्या बाईचे चित्र आहे. तिच्या पायांशी धुके आहे, चेहरा कोरा आहे आणि हात पुढे केलेला आहे. तिचे नाव ‘धुक्यातली दाई’. या खेळात भुतांची वेगवेगळी घराणी असतात. माझे घराणे धुक्याचे. आम्ही थंड, स्वच्छ, बिनवासाचे. आम्ही घाबरवतो ते शांतपणे, कुणाच्या अंगावर काही न सांडता.

दुसरे घराणे कुजेचे. त्यांच्याबद्दल बोलतानाही माझे कोपरे वळतात. चिखल, शेवाळ, पू आणि लाळ हाच त्यांचा संसार. त्या घराण्यातला सगळ्यात ओंगळ प्राणी म्हणजे लाळगळ्या. फुगलेल्या बेडकासारखे पोट, तोंडाला झाकण नाही, आणि हनुवटीवरून हिरवी तार लोंबते आहे. माझे दुर्दैव असे, की छापखान्यात एकाच मोठ्या कागदावर तो माझ्या शेजारी छापला गेला. शाई ओली होती, यंत्र घरघरत होते, आणि मी डोळे उघडले तेव्हा ती लाळ माझ्या कडेपासून केसभर अंतरावर होती. कापण्याचे पाते खाली आले आणि आम्ही वेगळे झालो, तेव्हा मला हायसे वाटले.

त्या छापखान्यात यंत्र चालवणारा माणूस दोन मुलींचा बाप होता. त्या दिवशी त्याने दोन्ही घराण्यांची एकेक पेटी घरी नेली. थोरलीने लगेच धुके उचलले. धाकटीने कुजेची पेटी उघडली, लाळगळ्याला पाहिले आणि आनंदाने किंचाळली, “ताई, बघ! याच्या नाकात पण काहीतरी आहे!”

“शी!” थोरली म्हणाली. त्याच क्षणी मला ती आवडली.

थोरलीने आम्हाला फार जपले. प्रत्येकाला पारदर्शक पाकीट दिले. ती हात धुऊन, पुसून, वाळवून मगच आम्हाला शिवायची. धाकटीचे पत्ते मात्र एका गंजक्या डब्यात कोंबलेले असत. त्यांना तेलाचे डाग होते, एकाला खाऊच्या गोळीचा कागद चिकटलेला होता. दोघी रोज एकमेकींविरुद्ध खेळायच्या. बाप मध्ये बसून दोन्हीकडून चिडवायचा आणि जी हरेल तिची बाजू घ्यायचा. आई त्यांना नव्हती. स्वयंपाक, वेण्या, गृहपाठ, सगळे बापच बघायचा.

मुली मोठ्या झाल्या. थोरलीने कपडे धुण्याचे दुकान काढले. तिथे साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास दरवळायचा. धाकटी जनावरांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून लागली. ती घरी यायची तेव्हा तिच्या बाह्यांना काय लागलेले असेल, ते न विचारलेलेच बरे. तरीही सुट्टीच्या दिवशी खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर दोघी खेळायला जात आणि माझ्याकडे बघून लोक म्हणत, “किती जुना पत्ता, आणि अगदी नवा कोरा!” ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग बापाच्या पायाला जखम झाली. चप्पल चावल्याचे निमित्त. पण त्याला साखरेचा आजार होता. जखम भरेना. ती पसरली, ओलसर झाली आणि तिला वास येऊ लागला. गोडसर, जड वास. पडद्यात, उशीत, भिंतीत मुरणारा. धाकटी रोज संध्याकाळी कामावरून आली की पट्टी सोडायची, जखम धुवायची, मलम लावायची आणि तोंडाने बडबड चालू ठेवायची. थोरली दारात उभी राहायची. ओढणी नाकावर, डोळे छताकडे. एकदा तिने बळेच आत पाऊल टाकले आणि तशीच तोंड दाबून मोरीकडे धावली. काही दिवसांनी ती आपल्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेली. औषधे आणून द्यायची, फळे आणून द्यायची, पण उंबऱ्यावरूनच.

मी तिला मुळीच दोष दिला नाही. माझ्याही मनात तेच होते. अशा घरात कुणी राहावे?

पण ती जाताना मला विसरली. मी कपाटाच्या खणात पडून राहिलो. वर औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कापसाचे गोळे आणि एक चिकट चमचा. वर्षे अशी गेली. बहिणी एकमेकींशी बोलायच्या त्या फक्त कामापुरत्या. “गोळ्या संपल्यात.” “आणते.” एवढेच.

एके दिवशी धाकटी खेळण्यांच्या दुकानातून बातमी घेऊन आली. जोडीची स्पर्धा होती. दोघांनी मिळून एकच गड्डी घ्यायची, आणि गड्डीत दोन घराणी हवीतच. तिने ते सहज सांगितले. पण बाप उशीवर उठून बसला.

“ताईला बोलाव,” तो म्हणाला.

“ती यायची नाही.”

“मी बोलावलंय म्हणावं. तुम्ही दोघी कायम एकमेकींच्या विरुद्धच खेळलात. एकदा एका बाजूला बसलेल्या बघू द्या मला. मग भांडा हवं तेवढं.”

थोरली आली. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली, बापाच्या खोलीपासून जमेल तितक्या लांब. तिने मला खणातून काढले, पुसले, आणि टेबलावर ठेवले. समोर लाळगळ्या. इतक्या वर्षांत त्याचा एक कोपरा कुणीतरी चावलेला होता. मी माझ्या कडा आखडून घेतल्या.

मित्रांनो, दोन घराण्यांची गड्डी बांधणे सोपे नसते. प्रत्येकाचे खाणे वेगळे. धुक्याला चंद्राचे पत्ते लागतात, कुजेला चिखलाचे. चंद्र जास्त घेतले तर लाळगळ्या हातात नुसता पडून राहतो. चिखल जास्त झाला तर मी. आधी दोघींनी आपापले लाडके पत्ते कोंबले आणि गड्डी ना धड भुताची झाली, ना धड दलदलीची. मग काढाकाढी सुरू झाली. थोरलीने जड मनाने ‘काचेची नवरी’ बाजूला ठेवली. धाकटीने ‘पूमुख्या’ काढला, आणि तो गेल्याचे मला अजिबात दुःख झाले नाही.

मग धाकटीच्या लक्षात एक गोष्ट आली. माझ्यावर लिहिले आहे: ‘मेलेल्यांच्या ढिगातून एकाला हात लावून उठव.’ धुक्याच्या गड्डीत हे कधी कामाचे नव्हते, कारण आमची भुते विरून जातात, ढिगात पडतच नाहीत. पण लाळगळ्या मेला आणि पुन्हा उठला, की दुप्पट मोठा होतो.

“ताई, हेच आपलं हत्यार!” धाकटी टेबलावर थाप मारून म्हणाली. “तुझी दाई माझ्या लाळगळ्याला उठवणार. कुणाच्या बापाला आवरणार नाही.”

थोरलीने लाळगळ्याला दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि परत ठेवले. “दुसरा कुठला तरी घेऊ. हा नको. मला हातात धरवत नाही.”

“तुला बाबांचा पाय तरी कुठे बघवतो?”

थोरलीचे कान लाल झाले.

“तुला काय वाटतं, मला बरं वाटतं का त्याचं?” ती हळूच म्हणाली. “मला उलटी होते गं. मी काय मुद्दाम करते?”

“मला पण व्हायची. सुरुवातीला रोज व्हायची. तुला सांगितलं नाही, एवढंच.”

आतल्या खोलीतून बापाचा आवाज आला, “हळू बोला गं! माझा पाय सगळं ऐकतोय!”

धाकटीला हसू फुटले. थोरलीला नाही. पण तिने लाळगळ्याला उचलून माझ्या बाजूला ठेवले आणि मग बराच वेळ साबणाने हात धुतले. त्या आठवड्यात ती रोज आली. गड्डी रोज थोडी बदलली, रोज थोडी सुधारली. धाकटी मधूनच ओरडून विचारायची, “बाबा, पट्टी?” आणि बाप आतून म्हणायचा, “झाली, दुपारी मीच बदलली. तुम्ही खेळा.”

स्पर्धा सकाळी सुरू झाली. बापाला चाकांच्या खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी माडीवर चढवले होते. मी काय सांगू! प्रत्येक डावात मला त्या ओंगळ प्राण्याला हात लावावा लागला आणि प्रत्येक डावात तो सुजून, लाळ गाळत उठला आणि समोरच्याला गिळून बसला. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या मलाही होत्या, पण मला कुठे तरी जाऊन अंग धुवावेसे वाटत होते.

शेवटच्या डावात समोर एक शिक्षक आणि त्याची बायको होती. खोली तापली होती, पंखा नुसता आवाज करत होता. आणि हळूहळू तो वास पसरला. मी ओळखला. पण या वेळी त्यात आणखी काहीतरी होते, काहीतरी जिवंत. मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. एकीने रुमाल काढला.

शिक्षक नाक मुरडून म्हणाला, “इथे उंदीर मेलाय का?”

बापाने मान खाली घातली. त्याने पाय खुर्चीखाली ओढायचा प्रयत्न केला. “मला घरी सोडा कुणीतरी,” तो पुटपुटला. “पोरींचा डाव मोडू नका.”

धाकटी उठू लागली. थोरलीने तिचा खांदा दाबला.

“तू बस. पुढची चाल तुझी आहे. मी बघते.”

“तू?”

“मी म्हटलं ना!”

तिने हातातले पत्ते धाकटीला दिले आणि खुर्ची ढकलत मागच्या न्हाणीघरात नेली. घाईत मी तिच्या मुठीतच राहिलो होतो. तिने मला बेसिनच्या कडेवर ठेवले. म्हणून पुढचे सगळे मला बघावे लागले.

पट्टी सुटत नव्हती. ती जखमेला चिकटून करडी झाली होती. थोरलीने ती पाण्याने भिजवली, श्वास रोखला आणि सोलत गेली. “बाबा, ही कधीची पट्टी आहे?”

बाप म्हणाला, “तुम्ही दोघी किती दिवसांनी हसत होता. म्हटलं, राहू दे. पट्टीचं काय एवढं.”

शेवटचा थर निघाला. बोटांच्या बेचक्यात पांढरे काहीतरी होते. ते हलत होते. अळ्या होत्या, मित्रांनो. एक आत गेली, दुसरी बाहेर आली.

थोरली बेसिनवर वाकली आणि भडभडून ओकली. त्यातले अर्धे माझ्यावर आले. इतकी वर्षे जपलेल्या माझ्यावर! पाकिटाच्या उघड्या तोंडातून ते आत शिरले, माझ्या धुक्यापर्यंत. त्याहून घाण क्षण माझ्या आयुष्यात आला नाही.

मला वाटले, आता ती पळणार. ती पळाली नाही. तिने तोंड धुतले, बापाच्या समोर खाली बसली, पाय मांडीवर घेतला आणि पाणी ओतू लागली. मध्येच तिला पुन्हा ओकारी आली. ती बाजूला तोंड करून ओकली आणि पुन्हा वळली. बाप रडत होता. ती म्हणत होती, “हलू नका बाबा. हलू नका ना.” तिने आपली ओढणी फाडून पाय गुंडाळला. मग मला उचलले, खिशात टाकले आणि त्याला घेऊन बाहेर आली.

धाकटी जागेवरून ओरडली, “ताई, दाई तुझ्याकडेच राहिली! दे लवकर, लाळगळ्या ढिगात आहे, जिंकतोय आपण!”

“अळ्या पडल्यात,” थोरली म्हणाली.

धाकटीने हातातले सगळे पत्ते टेबलावर सोडले, उताणे. ती बापाकडे वळली. “तुम्ही मला झाली म्हणून सांगत होता,” ती म्हणाली, “आणि मी मान्य करत होते. मी उठून बघितलंसुद्धा नाही.”

डाव त्यांनी सोडला. मागे कुणीतरी जिंकल्याबद्दल शिक्षकाकडे टाळी मागितली, पण त्याने हात पुढे केला नाही. तो खाली धावला आणि त्याने स्वतःची गाडी काढली. चारही खिडक्या उघड्या ठेवल्या, पण गाडी काढली.

दवाखान्यात बापाची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाल्या की आणखी थोडा उशीर झाला असता, तर गुडघ्यापासून काढावा लागला असता.

माझे विचाराल तर थोरलीने मला ओल्या कापसाने पुसले, वाऱ्यावर वाळवले. तरी पांढऱ्या बाईच्या झग्यावर एक पिवळट डाग राहिलाच. जुन्या पत्त्यांचा शौकीन आता माझ्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. गड्डी त्या दोघींनी मोडली नाही, त्यामुळे लाळगळ्या अजून माझ्या पाठीला चिकटलेला असतो. मला अजूनही त्याची शिसारी येते.

थोरलीलाही येते. ती आता एक दिवसाआड घरी येते, पट्टी सोडते, तिचा चेहरा कडू होतो.

“शी, बाबा, काय वास येतोय!”

“मग काय, पायातून अत्तर काढू?”

“काढा ना, जमलं तर!” असे म्हणत ती कापूस भिजवते.

मित्रांनो, आम्हा पत्त्यांना जपा. खाऊन झाल्यावर हात धुऊन मग आम्हाला शिवा. माझी हात जोडून विनंती आहे. आणि तुमच्या घरात कुणी आजारी असेल, खोलीला वास येत असेल, तर तुम्हाला किळस येईल. येऊ द्या. नाक दाबा, ओका, पुन्हा तोंड धुवा. पण आतून कुणी “झाली, मीच बदलली” असे म्हणाले, तर तेवढ्यावर खेळत बसू नका. उठा आणि पट्टी सोडून बघा.