शिवेवरून उडालेला नवरदेव

मुंबईहून नागपूरला विमान तीन तासांत पोचते, ही बातमी नवरदेव रामकिसनने सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात, लग्नाआधीच नवरीच्या गावी, जऊळक्यात पसरवली होती; लग्नालाही तो त्याच विमानाने येणार होता. नागपूरहून जऊळक्याला मागे यायला रेल्वे अख्खा दिवस घेते, हे मात्र त्याने सांगितले नव्हते.

लग्नाच्या सकाळी मांडवावरून विमान घोंगावत गेले. तेव्हापासून मुलीचे वडील पुंजाजी एका जागी बसले नाहीत. मुहूर्त सूर्यास्ताचा, आणि नवरदेव गावावरून पुढे निघून गेलेला!

त्यात नवरदेवाची आई मनकर्णाबाई रुसली.

"माह्या पोरानं तुमची शीव ओलांडली, अन् नारळ नाई की फेटा नाई?"

"इहीनबाई, तो आभाळात हाये!"

"मंग आभाळ कोनाच्या गावावरचं हाये?"

पुंजाजींनी शिवेवर जाऊन आभाळाला ओवाळले, नारळ फोडला आणि फेटा विहीणबाईंच्या हाती दिला. मग दिवसभर ते स्टेशनात येरझारा घालत राहिले.

सूर्य टेकता टेकता गाडी आली. जावयाला ओढत त्यांनी शीव गाठली, तर विहीणबाई तिथे उभ्याच.

"सकाळी पोरगा वरून गेला. पाय तं आत्ता लागून राह्यला. मान पायाचा असते!"

आता नारळ आणायला वेळ नव्हता. पुंजाजींनी जावयाला खांद्यावर घेतले आणि पळत सुटले.

"मामा, उतरवा मले! लोक हासून राह्यले!"

"गुमान बसा, जावईबुवा. तुमाले वरून जायाची सवय हाये."

मांडवात त्याला थेट पाटावर उतरवले, तेव्हा भटजी अंतरपाट धरूनच उभे होते.