सुट्या भागांची फळी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि ललितचं वागणं मला मुळीच पटत नाही. हा मला गोधडीत घेऊन लोळतो, माझ्या अंगावर शेव खातो आणि मला ताप भरला की मलाच चापट मारतो. वर म्हणतो, "भंगार झालंय!"

दोन हजार चार साली मी सायखेड्याला आलो, तेव्हा हेच भंगार बघायला अख्खी गल्ली लोटली होती. ललित माझ्यावर लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करायचा. मामा-काकांचं एकही नाव मी कधी गाळलं नाही. त्याची आई नवसाबाई दसऱ्याला विळा, खुरपं आणि मला एका पाटावर मांडायची. शेतातला झेंडू वाहायची. माझ्या बाजूच्या जाळीतून गरम वारा यायचा. "हितून श्वास घेतंय लेकरू," असं म्हणून ती कुंकू नेमकं तिथंच लावायची.

पुढे मी चालू होता होताच बंद पडू लागलो. ललितने मला नाशिकला अन्सारच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. नवसाबाई फुलांच्या पाट्या विकून थेट तिथंच येऊन बसली.

अन्सारने मला कानाशी धरलं. "पंखा फिरत नाही, मावशी. नुसता अडकला असेल तर साफ करू. आतला बोर्ड जळाला असेल, तर मग सुटे भाग काढायचे."

सुटे भाग! समोरच्या फळीवर माझे भाऊबंद पडले होते. कुणाचा पडदा नेलेला, कुणाची बटणं उपटलेली. भीतीने माझा दिवासुद्धा लागेना.

"उघडता कशाला? नवाच बघू," ललित म्हणाला.

"गप ए! जित्तं हाय का मेलंय, ते बघितल्याबिगर तिरडी बांधत्यात व्हय?"

स्क्रू निघू लागले. माझं पोट उघडं पडलं. ब्रश फिरू लागला.

"बोर्ड शाबूत आहे," अन्सार म्हणाला. त्याच्या चिमट्यात एक लाल गोळा होता. "पण पंख्यात कुंकू?"

ललित खदखदून हसला. "घ्या! आईनंच मारलं त्याला!"

नवसाबाईचा चेहरा पडला. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. आता शरमेपोटी ही मला त्या फळीवर तर ठेवणार नाही? पण तिने तो गोळा तळहातावर घेतला, नखाने फोडला. आत शेवेचा चुरा होता, गोधडीचा कापूस होता.

आम्हाला काय लागतं, मित्रांनो? थोडी मोकळी हवा आणि अधूनमधून एक कोरडं फडकं. पूजा नाही केली तरी चालेल.

नवसाबाई उठली, पदर खोचला.

"ललित्या, माझं कुंकू वर्साचं एकदा, तुझी शेव रोजची. आता कुंकू मी झाकणाला लावीन. अन्सार, नीट कर रे त्याला. आन् ललित्या, तू ऐक, पुन्यांदा याला गोधडीत घेतलंस, तर हा घरात ऱ्हाईल आन् तू गोधडीसकट वट्यावर!"