राजवाड्यामागची चौकशी

अक्कलकोटला रोज हजारो माणसं येतात, स्वामींचं दर्शन घेतात, प्रसाद खातात आणि परतीची गाडी धरतात. हे गाव एके काळी एका संस्थानाची राजधानी होतं, हे ऐकायला त्यांतलं कुणी थांबत नाही. चिंतामणी मास्तरांना ही गोष्ट फार लागायची. म्हणून हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'पायी राजधानी' ही फेरी सुरू केली. एका वेळी एकच कुटुंब, अडीच तास, जुना राजवाडा आणि मागच्या गल्ल्या. कोण आलं, कुठलं, काय विचारलं, हे सगळं ते वहीत टिपून ठेवत. सहा वर्षांच्या वहीत पहिला नंबर बाथरूम कुठं आहे याचा, दुसरा जेवण कुठं चांगलं मिळतं याचा. राज्यकारभाराबद्दलचे प्रश्न एकूण चौदा. त्यांतले अकरा एकाच माणसाचे, आणि तो इतिहासाचाच प्राध्यापक होता.

त्या रविवारी मास्तरांचे गुडघे सकाळपासून कुरकुरत होते. मार्चचं ऊन दहालाच चढलं होतं. फेरी ठरवली होती सोलापूरच्या भुवनेश्वरीनं. तिशी ओलांडलेली, शाळेत शिकवणारी मुलगी. सोबत तिचे वडील बसलिंगप्पा, भुसार मालाचे व्यापारी, आणि वडिलांची थोरली बहीण महादेवीआत्या. बसलिंगप्पांची नजर मास्तरांना लगेच कळली. वरचे दाणे बघून पोतं उचलणारा हा माणूस नव्हे; हात कोपरापर्यंत आत घालून तळाचं धान्य वर काढणारा.

राजवाड्याच्या कमानीखाली मास्तरांनी नेहमीची सुरुवात केली. संस्थान कसं उभं राहिलं, वस्ती कशी वाढली. बसलिंगप्पा मान हलवत होते. मग म्हणाले, "मास्तर, मागच्या गल्लीत आपल्या लोकांची घरं किती हायत?"

मास्तरांना भरून आलं. पंधरावा प्रश्न! "त्या काळी साधारण—"

"आता हो. आता किती?"

"आन् नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" आत्यानं मध्येच तोंड घातलं.

मागच्या गल्लीत शिरल्यावर तर राजवाडा पाठीमागं राहिला तो राहिलाच. पिवळा दरवाजा कुणाचा? कल्लप्पांचा. काय करत होते? शाळेत क्लार्क. मुलगा एकच का? एकच, विरेश, सोलापुरात नोकरीला. बायको, म्हणजे त्या सिद्धेश्वरीबाई, स्वभावानं कशा?

मास्तर थबकले. चाळीस वर्षं वर्गात काढलेला माणूस. कोण फळ्याकडं बघतंय आणि कोण खिडकीकडं, हे त्यांना ओळखू यायचं. ही राजधानी नव्हेच. ही स्थळाची चौकशी होती! एरवी अशी चौकशी पिठाच्या गिरणीवर होते, शिंप्याकडं होते, दूधवाल्याला चहा पाजून होते. यांनी सरळ गाईडच लावला होता. त्यांना आधी राग आला, मग राग धरायचाही कंटाळा आला.

बहीणभाऊ पिवळा दरवाजा न्याहाळत पुढं गेले तशी भुवनेश्वरी मागं रेंगाळली.

"सर, पुढं गिरणीच्या गल्लीनं नेऊ नका."

"का बाई?"

"गिरणीवाली सगळं सांगते म्हणे." तिनं आवाज खाली आणला. "त्यांच्या घरात दोन चुली आहेत. आई मागच्या खोलीत, वडील पुढच्या. नऊ वर्षं बोलणं नाही. विरेशनंच सांगितलंय मला. अप्पांना हे कळलं तर संपलं. आठ स्थळं मोडलीत त्यांनी. कुणाचा जिना अरुंद, कुणाची आई खोकते. सर, विरेश नको झाला, तर मी नवव्याच्या पुढं बसणार नाही कुणासमोर. दमले मी. म्हणून तर फेरी मीच ठरवली. निदान रस्ता तरी माझ्या मनासारखा."

मास्तर गिरणीकडं वळायच्या ठिकाणी सरळ गेले. तेवढं त्यांनी केलं.

पण बसलिंगप्पा तेवढ्यानं थांबणारे नव्हते. फिरून पुन्हा पिवळ्या दरवाजासमोर आल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर ते टेकले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "मास्तर, तुमी गावचे जाणते. एकच सांगा. त्या घरात चुली किती?"

भुवनेश्वरीनं मान फिरवली.

फेरीत मास्तर थापा मारत नसत असं नव्हे. राजांच्या तोंडी दोन-चार वाक्यं त्यांनी पदरची घातली होती. राजे तक्रार घेऊन येत नाहीत. पण हा माणूस उद्या पोरगी द्यायचा.

"दोन," ते म्हणाले.

"बघ!" आत्या फुलली. "मी म्हनलं नव्हतं? दारात दोन सिलिंडर बघितले मी. ऊठ रे, दोनची गाडी मिळंल."

"पण पुढच्या चुलीवर नुसता चहा होतो," मास्तर म्हणाले. "मी रोज दुपारी इथनं घरी जातो. नवराबायकोत बोलणं नाही, पण बाई त्यांचं ताट कट्ट्यावर ठेवतात आणि आत जातात. नऊ वर्षांत रिकामा कट्टा बघितला नाही मी."

"बोलत न्हाईत, आन् वाढतात?"

"वाढतात."

बसलिंगप्पांनी घड्याळ बघितलं. "कवा?"

"साडेबाराला."

"मग बघूनच जाऊ की."

"अप्पा!" भुवनेश्वरी म्हणाली, पण ते उठले नाहीत.

वीस मिनिटं चौघं पायरीच्या सावलीत थांबले. कुणाला संशय नको म्हणून मास्तर हात उंचावून राजवाड्याचा बुरूज दाखवत राहिले, तट कसा बांधला ते सांगत राहिले. तिघांतलं एकही तिकडं बघत नव्हतं. त्यांचा घसा सुकला, गुडघा ठणकू लागला. अशी फेरी त्यांनी जन्मात घेतली नव्हती.

साडेबाराला पिवळा दरवाजा उघडला. सिद्धेश्वरीबाई आल्या. कट्ट्यावर ताट ठेवलं, त्यावर दुसरं ताट उपडं झाकलं, आणि इकडं तिकडं न बघता आत गेल्या. थोड्या वेळानं कल्लप्पा बाहेर आले. भाकरी, भाजी, शेंगाचटणी. सावकाश, खाली मान घालून जेवले. मग उठून नळाशी गेले, दोन्ही ताटं राखेनं घासली, पुसली आणि उंबऱ्यावर ठेवली. आतून एक हात आला आणि ताटं घेऊन गेला.

"बोलले तर न्हाईतच की," आत्या म्हणाली.

"घासून दिली, बघितलंस?" बसलिंगप्पा म्हणाले. "तुझे मालक तुझ्याशी रोज बोलायचे. एक वाटी तरी उचलली का गं कधी त्यांनी?"

आत्या पिशवी आवरायला लागली.

बसलिंगप्पा उठले तेव्हा त्यांची हाडं वाजली. "नऊ घरं बघितली," ते कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. "माझ्याच्यानं आता न्हाई होत." त्यांनी टोपी घातली, गल्ली ओलांडली आणि कट्ट्यापाशी जाऊन त्या अनोळखी माणसाला कानडीत विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का?

कल्लप्पांनी हात धोतराला पुसले. एवढं विचारणारं माणूस दारात फार दिवसांत आलं नसावं. "आतु, बर्री," ते म्हणाले. झालं, या. आणि ते बाजूला सरकले.

बसलिंगप्पा चपला काढून आत गेले. महादेवीआत्यानं एकदा भाचीकडं बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि "दोन चुली म्हंजे भांडी दुप्पट," असं पुटपुटत भावामागं निघाली.

भुवनेश्वरी चटकन उठली. "सर, मी पण—"

"तू बस," मास्तर म्हणाले. गुडघा चोळत ते पायरीवर खाली बसले. "तू राजधानी बघायला आलीयस."