वीजधरचा डावा कान

"हात स्थिर ठेव," हे मला म्हणाले.

माझा हात स्थिरच होता. हलत होता तो टेबलावरचा बाहुला. वीतभर उंच, अंगात निळं चिलखत, छातीवर पिवळी वीज, आणि एका पायावर उभा केला की डावीकडे झुकणारा. वीजधर त्याचं नाव. जगाला संकटातून सोडवतो म्हणे.

"बघून घ्या," हे माझ्या हातातल्या फोनला उद्देशून म्हणाले. "हा जगाचा तारणहार. ह्याला आधी कोणीतरी भिंतीला टेकवून उभा करा."

एरवी आमचे हे घरात बोलतात ते उपकार केल्यासारखे. चहा आवडला तर रिकामा कप पुढे सरकवतात, तेवढीच पावती. पण समोर फोन धरला की जीभ सुटते. चॅनेलचं नाव 'खवट काका'. ते नाव बघणाऱ्यांनीच पाडलं आणि ह्यांनी पदवी मिळाल्यासारखं मिरवायला घेतलं. सुपरहिरोंच्या महागड्या बाहुल्या मागवायच्या, त्यांचे खांदे, कोपरं, गुडघे पिरगाळून बघायचे आणि बनवणाऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, हा ह्यांचा दुकान बंद झाल्यानंतरचा उद्योग. आणि ते बघायला माणसं आहेत. नोकरीधंद्याची, मुलाबाळांची, चांगली मोठी माणसं. "काका, आज तर सालटीच काढलीत," असं खाली लिहितात आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावतात. स्वतःच्या साहेबासमोर ज्यांचं तोंड उघडत नाही, त्यांना दुसऱ्याचा पाणउतारा बघायला गोड वाटतो, असं माझं मत. मला कोणी विचारत नाही. मी फोन धरते.

'बाहुली' म्हटलेलं मात्र ह्यांना खपत नाही. "बाहुली काय? फिगर म्हणावं. संग्रहात ठेवायची वस्तू आहे ती."

हे कोण सांगतंय? आमचा मुलगा मातीची नाकं-डोळे घडवत बसायचा तेव्हा ह्याच माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं. "बाहुल्या करून पोट भरणार? लोकांनी विचारलं मुलगा काय करतो, तर काय सांगू? बाहुल्यांना नाकं बसवतो?" आमचं चष्म्याचं दुकान होतं, मुलाने तिथे बसावं अशी ह्यांची इच्छा. मुलाने फिगर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. तो बॅग घेऊन निघाला त्या दिवशी हे खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. आतूनच म्हणाले, "दार लावून घे, माश्या येतात."

त्यानंतर बापलेकांचं बोलणं नाही. पुढे दुकानही बंद झालं आणि एका दुपारी ह्यांनी मुलाच्या कपाटातल्या जुन्या बाहुल्या बाहेर काढल्या. कोणाचा हात सैल, कोणाची मान निखळलेली. चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस घेऊन बसले आणि एकेकाला दुरुस्त करत, बनवणाऱ्यांचा उद्धार करत सुटले. शेजारणीच्या मुलीने गंमत म्हणून ते फोनवर टिपलं. तिथून हे खवट काका झाले. मुलाची आठवण येते असं म्हणायला जीव जातो, म्हणून हा सगळा खटाटोप. मला ते दिसतं, ह्यांना दिसत नाही. आणि आयुष्य गेलं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात!

मुलाचा फोन मला येतो. तो आला की मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते. आमच्या घरात कपडे फार वाळतात.

गेल्या आठवड्यात मुलाने गच्चीवरच मला सांगितलं, "आई, तो नवीन वीजधर माझा आहे. डोक्यापासून बुटांपर्यंत मी एकट्याने घडवलाय. बाबा मागवणार असतील ना?"

"मागवलाय. सांगू का त्यांना?"

"अजिबात नाही हं. माझा आहे कळलं तर ते मला बघतील, त्याला बघणारच नाहीत. दुसऱ्या कोणाचाही बघतात तसा बघू दे." मग जरा थांबून म्हणाला, "एकदा जरी 'फेकण्यासारखा नाही' म्हणाले ना, आई, तर मी त्याच दिवशी गाडी पकडतो."

'फेकण्यासारखा नाही' ही खवट काकांनी बहाल करायची सर्वांत मोठी पदवी. आजवर ती फक्त एका घोड्याला मिळाली आहे. त्या घोड्यावर बसलेल्या हिरोला नाही मिळाली.

खोक्यावर घडवणाऱ्याचं नाव कुठे छापत नाहीत. तेव्हा ह्या रविवारी दुपारी मी हातात फोन घेऊन आणि तोंडाला कुलूप लावून उभी होते.

"आता खांदा बघू." ह्यांनी वीजधरचा हात वर केला. हात वरच राहिला. "राहिला," हे काहीसे नाराज होऊन म्हणाले. "कोपरही वळतंय. असो. गुडघा."

गुडघा दुमडला आणि तसाच लुळा पडला. ह्यांचा चेहरा खुलला.

"आला का गाडा रुळावर! हा गुडघा आहे की दाराची मोडकी कडी? शत्रूसमोर उभा राहिला की हा आपणहून लोटांगण घालणार. शत्रूचं काम सोपं." मग पाठीवरचा लाल झगा बोटांनी उचलला. "आणि हा झगा. हा वाऱ्यावर फडफडतोय असं आपण समजायचं. मला तर इस्त्रीने जळलेला पडदा वाटतो. घरातला पडदा जळला तर फेकून देऊ नका, कंपनीला पाठवा, पुढच्या हिरोला होईल."

मला त्या माणसाचा मनस्वी राग आला. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण राग येतो तेव्हा अजून पहिल्यासारखाच येतो. गुडघा सैल होता, कबूल. पण झगा छान होता. त्याच्या चुण्या मी जवळून पाहिल्या होत्या, एकीसारखी दुसरी नव्हती. लहानपणी माझ्या साडीच्या निऱ्या मोजत पायाशी बसायचा तो मुलगा, त्याला चुण्या कोणी शिकवायला नकोत.

ह्यांचं चालूच होतं. खोक्यातल्या पारदर्शक कप्प्यातून ह्यांनी जादा हात काढले. एक जोडी मुठी आवळलेली, एक बोटं पसरलेली. मग चिमट्याने एक इवलीशी काडी उचलून फोनसमोर धरली.

"आणि हे काय असावं? शस्त्र? मुठीत घातली तर पडते. बोटांत धरली तर पडते. कुठल्याच हातात बसत नाही. मग दिलीय कशाला? हां, कळलं. जगाचा तारणहार जेवून उठला की दात कोरत असावा."

स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन ह्यांनी काडी बाजूला ढकलली. ती घरंगळत टेबलाच्या कडेला जाऊन थांबली.

"आता शेवटचं. दुसरं डोकं."

हा वीजधर दिवसा रेडिओ दुरुस्त करणारा साधा माणूस असतो आणि संकट आलं की मुखवटा चढवतो, अशी ती गोष्ट आहे. म्हणून खोक्यात बिनमुखवट्याचं एक डोकं वेगळं येतं. ह्यांनी मुखवट्याचं डोकं टपकन उपटलं आणि ते दुसरं मानेवर बसवलं. मी फोन जवळ नेला.

चेहरा कोणाचाच नव्हता. हिरोंचा असतो तसा चौकोनी जबडा, धारदार नाक. उजवा कान सरळ. मग ह्यांनी डोकं फिरवलं आणि डावा कान माझ्यासमोर आला. त्याची वरची कड बाहेरच्या बाजूला दुमडलेली होती आणि दुमडीच्या मागे बारीकशी खाच होती.

तो कान मी रोज उशीवर बघते.

दुकानात ह्यांच्या डाव्या कानावर कायम पेचकस खोचलेला असायचा. गिऱ्हाईक आलं की काढायचा, स्क्रू पिळायचा, परत खोचायचा. असं करता करता कानाची वरची कड दुमडली ती दुमडलीच. मुलगा शाळेतून थेट दुकानात यायचा आणि ह्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून अभ्यास करायचा. पुस्तकातून मान वर केली की त्याच्यासमोर हाच कान. ह्यांना स्वतःला तो कधी दिसलेला नाही. आरशात माणूस समोरून दिसतो, आणि समोरून हे फक्त मिशा बघतात. चष्मा डावीकडे वाकडा बसतो, त्याबद्दल हे आयुष्यभर फ्रेम बनवणाऱ्यांना नावं ठेवत आले आहेत.

मुलाने मला कानाचं काही सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि फोनमधला वीजधर धूसर झाला.

"आणखी जवळ ये," हे मला म्हणाले, आणि मग फोनला, "हा कान बघा. कड दुमडलीय. साच्यातून काढताना दाबला गेलाय, आणि कोणाचं लक्ष नाही. अहो, माझा जन्म गेला लोकांच्या कानांमागे चष्म्याच्या काड्या बसवण्यात. असा कान माणसाला नसतो. ज्याने हा घडवलाय त्याने आयुष्यात माणूस नीट पाहिलेला नाही. अशाने विटा पाडाव्यात."

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

"थांबवलंस का?"

"हात दुखला."

"आत्ताच दुखायचा होता? ऐन रंगात आलो होतो! चल, पुन्हा घे. कानापासून."

मी मुलाला शब्द दिला होता, सांगणार नाही असा. दाखवणार नाही, असा काही दिला नव्हता.

ह्यांनी वीजधरचा गुडघा आवळून बघायला घेतलेला पेचकस सवयीने डाव्या कानावर खोचला, भिंग डोळ्याला लावलं आणि बाहुला तोंडासमोर धरला. मी टेबलाला वळसा घालून ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"तिकडे कुठे चाललीस?"

"इकडून उजेड बरा आहे."

"बरं. धर नीट."

मी नीट धरला. बाहुल्याचा कान आणि त्याच्या मागे ह्यांचा कान, दोन्ही एका चौकटीत बसतील असा धरला. हे पुन्हा सगळं बोलले, पहिल्यापेक्षा झोकात बोलले. "विटासुद्धा सरळ पाडणार नाही हा माणूस," अशी पुढे भर घातली.

व्हिडिओ चढवण्याआधी हे तो स्वतः एकदा बघतात. खुर्चीत रेलून, फोन पोटावर ठेवून, स्वतःची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत बघतात. गुडघा आला, हसले. दात कोरणं आलं, हसले. मी समोर बसून वीजधरचे जादा हात कप्प्यात परत भरत होते.

"अगं, हे काय? फिगर सोडून माझा कान कशाला..."

वाक्य तिथेच राहिलं. फोनमधले हे मात्र बोलत होते, "असा कान माणसाला नसतो."

ह्यांनी व्हिडिओ मागे नेला. पुन्हा तेच. पुन्हा मागे नेला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिलं. मग हात हळूच डाव्या कानाकडे गेला. पेचकस काढून मांडीवर ठेवला आणि गिऱ्हाइकाचा कान चाचपायचे तसा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून, स्वतःचा कान वरपासून खालपर्यंत चाचपला.

"हा माझा आहे?"

"मग कोणाचा?"

"असा कधीपासून आहे?"

"लग्नात सरळ होता."

हे उठून टेबलाशी गेले. कडेला पडलेली ती काडी चिमट्याने उचलली, भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. मीही वाकून पाहिलं. काडीचं एक टोक चपटं होतं, दुसऱ्या टोकाला इवलीशी मूठ होती.

पेचकस होता तो.

ह्यांनी काडी वीजधरच्या डाव्या कानामागे, त्या खाचेत ठेवली. ती बसली. ह्यांनी बाहुला आडवा केला, उलटा केला, हलवून पाहिला. पडली नाही.

आता म्हणतील, मला वाटलं. दोन शब्दांचं तर काम होतं. मुलगा तिकडे गाडीचं वेळापत्रक उघडून बसला असणार. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हे खुर्चीत परत बसून खिडकीबाहेर बघत राहिले. एवढी सरसर चालणारी जीभ, पण नको तिथे चालते आणि हवी तिथे लाकूड होते. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

शेवटी ह्यांनी घसा खाकरला.

"गुडघा सैल आहे," हे म्हणाले. "सांग त्याला."

"कोणाला?"

"ज्याच्यासाठी कपडे वाळत घालतेस, त्याला."

मी फोन घेतला. पाय सवयीने गच्चीच्या जिन्याकडे वळले होते, ते परत फिरवले आणि ह्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून नंबर लावला. पहिल्या रिंगलाच उचलला त्याने.

"आई? झाला का व्हिडिओ? काय म्हणाले?"

"गुडघा सैल आहे म्हणतात."

मग बारीक आवाजात त्याने विचारलं, "आणि?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे अजून खिडकीकडेच तोंड करून बसले होते, वीजधरला मांडीवर उभा धरून. पेचकस पुन्हा कानावर गेला होता. खुर्ची मात्र थोडी सरकवून घेतली होती, डावा कान फोनच्या बाजूला येईल अशी.

"ऐकतायत," मी म्हटलं.