पूजलेला बॉल

शिवतेजदादाचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्या दुपारपासून त्याचा श्वास आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या बॉलमध्ये चालू लागला. हॉस्पिटलमधून फोन आला, की पेशंटची छाती हलत नाही, पण काळजीचं कारण नाही. इकडे फायनलसाठी पूजून मारुतीपुढे ठेवलेला बॉल सावकाश फुगत होता, बसत होता. मी हात लावला. अंगात ताप होता.

फायनल पुढे ढकलली. मी बॉल घरी आणला. आईनं त्याला वाफ दिली आणि पांघरूण घातलं.

पुढच्या तारखेला टीममधले आणखी दोघं पॉझिटिव्ह निघाले. मला बरंच वाटलं. अकरा जण भरत नाहीत तोवर दादाला कुणी लाथ मारणार नव्हतं. मग मी मारुतीला नवसच बोललो, एकेकाला ताप येऊ दे. येत गेला. मी बॉल उशाशी घेऊन झोपायचो, तरी माझा रिपोर्ट निगेटिव्हच.

शेवटी सगळे बरे झाले. दादा सोडून.

"मामा, दुसरा बॉल घेऊया," मी आमचे मॅनेजर हिंदुरावमामा यांना म्हणालो. "ह्यात दादा हाय."

त्यांनी बॉलला कान लावला. "हाय की. चांगला दम हाय अजून पोरात."

"मग?"

"पूजलेला बॉल कोण बदलतंय व्हय? पेठ तोंडात शेण घालंल आमच्या."

मी बॉल घेऊन पळालो. कुठल्याही गल्लीत शिरलो तरी ती स्टेडियममध्येच निघायची. रेफ्रींनी बॉल अंगठ्यानं दाबून बघितला आणि हवा बरोबर आहे म्हणाले.

मी गोलकीपर. प्रत्येक किकला बॉलला धाप लागायची, ती मला गोलमधून ऐकू यायची. एकदाचा तो हातात आला. मी त्याला पोटाशी धरून पालथा पडलो. फुटला तर दादा गेला, एवढंच डोक्यात होतं.

"सोड," रेफ्री म्हणाले. "गोलकीपरला एवढा वेळ धरता येत नाही."

समोरच्या टीममधला एकही जण पुढे आला नाही. आला तो आमचा अझर, दादाचा जिवलग. नवसाच्या तापातून नुकताच उठलेला.

"सोड की भावा," तो खोकत म्हणाला. "किती येळा पुढं ढकलायची मॅच?"

तो माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला. त्याच्यामागे आमची बाकीची टीम रांगेत उभी राहिली होती, प्रत्येकासाठी माझं एक बोट. पोटाखाली दादा भराभरा श्वास घेत होता. अझरनं माझी करंगळी उलगडली आणि उठून मागच्याला जागा दिली.