एक्केचाळिसाव्या पानावरचा नाग

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो, सातवीचे, मराठीचे. १९७४ साली मी शिराळ्याच्या एका शाळेत आले. अंगावर वर्तमानपत्राचे कव्हर चढले आणि मालकिणीने त्यावर ठळक नाव घातले : अंजना.

माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर रानातल्या प्राण्यांचा धडा आहे. भाषा इतकी गोड, की वाईहून आलेले गोपाळकृष्ण मास्तर तो डोळे मिटून म्हणत. लेखकानेही तो डोळे मिटूनच लिहिला असावा. त्यात नाग वाटीभर दूध मिटक्या मारत पितो.

आणि हे शिराळ्यात! जिथे नागपंचमीआधी घरोघरी मडक्यामडक्यांत पकडून आणलेला जिवंत नाग असतो!

"मास्तर, ह्ये खोटं हाय," अंजना उठून म्हणाली. "आमच्या नागानं चार दिस दुधाला तोंड लावलं न्हाई. बेडूक मातुर गिळला."

"तुझा नाग पुस्तक वाचत नसेल!" मास्तर म्हणाले. वर्ग खो खो हसला. मला पाने मिटून घ्यावीशी वाटली. पण ती मिटणे माझ्या हातात नाही.

अंजनाने माझ्या समासात पेन्सिलीने लिहिले : 'नाग दूध पीत न्हाई. मी बघितलंय.'

संध्याकाळी मास्तर खरेखोटे बघायला तिच्या घरी गेले. तिच्या बापाने, नाथाजीने, नाग काढून पुढ्यात वाटी सरकवली. नाग फणा काढून मास्तरांकडेच बघत राहिला. वाटीत मुंग्या पडल्या.

"पटलं न्हवं?" नाथाजी म्हणाला. "पण शिष्यवृत्ती मिळाली तरच हिची शाळा. न्हाईतर भांगलायला रान लय हाय."

मास्तरांनी घाम पुसला. "पोरी, तुझंच खरं. पण पेपर तपासणारा सांगलीत बसतो, त्याच्यापुढं पुस्तक असतं. दूधच लिही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या समासातली ती ओळ रबराने खोडली.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला : नागाचा आहार कोणता? घरी येऊन तिने मला उघडले आणि हळूच म्हणाली, "बेडूकच लिवलं म्या."

यादीत तिचे नाव नव्हते. जूनमध्ये तिच्या हाती खुरपे आले, आणि मी शेजारच्या हरणाबाईच्या लेकीकडे, उमाकडे गेले.

मास्तर अजून तो धडा शिकवतात. दुधाच्या ओळीशी आले की खाकरतात आणि पान उलटतात. मुले मात्र उत्तरात दूधच लिहितात, पैकीच्या पैकी मिळवतात.

मित्रांनो, मला कव्हर घाला, पावसापासून जपा. पण माझ्यात खोटे दिसले, तर समासात पेन्सिल जरा दाबून चालवा. अंजनाची ओळ खोडली गेली, तरी कागदावर तिचा वळ राहिला आहे. बोट फिरवलेत तर लागेल.