पाटावरचं रिव्हॉल्व्हर

माझा नवरा दिगंबर म्हणजे जगातलं सगळं ज्ञान एकट्याला मिळालेला माणूस. अमेरिकेत चँडलरला कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत नोकरी, एच-वन व्हिसा आणि डोक्यात काऊबॉय! व्हिसावर राहणाऱ्यांना साधं पिस्तूल ठेवता येत नाही, पण हे जुन्या पद्धतीचं, काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर कायद्याच्या लेखी बंदूकच नाही म्हणे. झालं, आणलं लगेच घरात.

एकदा मलाही नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं ते मी नीट ऐकून घेतलं. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरात दारू, तिच्यावर शिशाची गोळी आणि मागे तांब्याची इवलीशी टोपी. टोपी बसली की बार उडायला तयार. म्हणून टोप्या फक्त रेंजवर बसवायच्या आणि सगळे बार उडवल्याशिवाय घरी निघायचं नाही. आमचे साहेब तेव्हा फोटो काढून घेत होते.

दसऱ्याला मी पाटावर दोन लॅपटॉप, टूलबॉक्स आणि लेकीची, अनिकाची कंपासपेटी मांडली. हा सकाळीच रेंजवर गेलेला. मॅनेजरचा फोन आला म्हणून धावतपळत परतला, रिव्हॉल्व्हर थेट पाटावर ठेवलं आणि आंघोळीला पळाला. मी पुऱ्या लाटत होते. हॉलमध्ये आले तर आमची सहा वर्षांची अनिका एका हातात पेटलेलं निरांजन धरून दुसऱ्या हाताने त्या मेल्या रिव्हॉल्व्हरला कुंकू लावत होती. नळी तिच्या पोटाकडे. चक्राच्या मागे दोन टोप्या चमकत होत्या.

 मी ओरडले नाही, ती दचकली असती. "बाळा, निरांजन मला दे आणि माझ्या मागे ये."

निरांजन विझवलं. अनिकाला आतच थांबवलं. रिव्हॉल्व्हर नळी जमिनीकडे धरून बॅकयार्डात नेलं, नखाने दोन्ही टोप्या काढल्या आणि दारू भिजावी म्हणून ते बादलीभर पाण्यात बुडवलं. 

दिगंबर टॉवेलवरच धावत आला. "वेड लागलंय का तुला? रिकामं आहे ते! सहाच्या सहा मारल्यात मी!"

टोप्या त्याच्या हातावर ठेवल्या. "मग या काय तुझ्या मॅनेजरने लावल्या?"

त्याने टोप्या बोटाने चाळवल्या. मग म्हणाला, "मध्येच फोन आला यार. काही झालं का? नाही ना! मग कशाला तमाशा?" आणि बादलीत हात घातला. "गंजेल ना हे! ऑइल कुठंय?"

"तिच्या पोटावर रोखलेलं होतं, दिगंबर! पोरीच्या पोटावर!"

"पूजा कुणाची हौस? तुझीच ना?"

दारात अनिका उभी होती, बोट कुंकवाने लाल. "बाबा, आर यू मॅड ॲट मी?"

"थांब गं, आधी हे पुसू दे," तो वर न बघता म्हणाला.

मी गाडीची किल्ली घेतली आणि अनिकाला म्हटलं, "बूट घाल."